पुरलेल्या दारांचं गाव

माझी सून जुन्या वस्त्या खणून काढायच्या कामावर होती. पक्की नोकरी नव्हती. काम निघालं की बोलावत, संपलं की घरी पाठवत. खड्ड्यात उकिडवं बसून ब्रशने माती झाडायची, जे निघेल त्याचं चित्र काढायचं, वहीत लिहून ठेवायचं, असं ते काम. मातीतच बसायचं होतं तर एवढं शिकलीस कशाला, रोवणीला तरी आली असतीस, असं मी तिला तोंडावर म्हटलं होतं. ती म्हणाली, "तुमी धान लावता आई, आमी खापरं काढतो. चिखल सारखाच." उत्तर मला आवडलं होतं, पण तसं मी तिला सांगितलं नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी तिचं काम बंद झालं. पुढे निघालं तर कळवू म्हणाले आणि कळवलं नाही. माझा मुलगा माजरीकडे कोळशाच्या खाणीवर डंपर चालवतो. तिथे एका खोलीत तीन ड्रायव्हर राहत होते, म्हणून ती इथे माझ्याकडे आली. गावाचं नाव मी लिहीत नाही. कुरखेड्याच्या बाजूला, डोंगरीच्या पायथ्याशी आहे, एवढं पुरे.

येताना एक पेटी आणली. तिच्यात कपडे थोडे आणि कोऱ्या वह्या जास्त. कडक पुठ्ठ्याच्या, एका पानावर रेघा आणि समोरच्या पानावर बारीक चौकटी. कामावर लिहिलेल्या वह्या तिथेच जमा करून घेतात, घरी आणू देत नाहीत, असं ती म्हणाली.

कापणीला ती माझ्यासोबत आली. कामाला कमी नाही. कापलेल्या धानाचे पुंजणे रचून झाले, हाताला उसंत मिळाली आणि तिने सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून लिहायला सुरुवात केली. सकाळी चहा झाला की वही उघडायची. पट्टी, पेन्सिल, खोडरबर जवळ. मध्येच उठून अंगणात यायची, डोंगरीकडे एक डोळा मिटून बघायची, पेन्सिल आडवी धरून काहीतरी मोजायची, परत जाऊन बसायची. मला वाटलं कामाचा काही हिशेब राहिला असेल, तो पूर्ण करते आहे.

मी चौथी शिकले. वाचायची सवय मात्र सुटली नाही. भजी बांधून आलेला कागदसुद्धा मी वाचूनच चुलीत घालते. ती न्हायला गेली असताना मी तिची वही वाचली. लपून वाचली असं काही नाही, वही उघडीच होती. त्यात असं लिहिलं होतं:

"ट्रेंच तीन. सकाळी धुकं, नंतर ऊन. दोन मजूर आले नाहीत. चौथ्या थरात आणखी एक दार. आडवं पुरलेलं, पितळी पत्र्याचं. कडी आतल्या बाजूने. उघडलं नाही. कडेला राख आणि तांदळाचे दाणे."

समोरच्या चौकटींच्या पानावर त्या दाराचं चित्र होतं. पत्र्यावरची नक्षी, खिळे, एका कोपऱ्यातला पोचा, सगळं. मी आजपर्यंत पाहिलेल्या कुठल्याही दारापेक्षा ते दार जास्त खरं वाटत होतं.

ती केस पुसत आली तेव्हा मी विचारलं, "हे कुठचं होय वं?"

"कुठचंच नाई."

"कुठचंच नाई म्हणजे?"

"म्हणजे नाईच ते गाव. मनातलं आहे."

मग तिने मला त्या गावाची माहिती सांगितली. माहेरची सांगावी तशी. तिथले लोक विहीर खाली खणत नव्हते, वर बांधत होते, मनोऱ्यासारखी, आणि पाणी आपल्या पायाने वर चढत होतं. माणूस मेला की त्याला नदीत सोडायचे. पण त्याच्या खोलीचं दार चौकटीतून उखडून जमिनीत पुरायचे, म्हणजे त्याच्या दारातून दुसरं कोणी आत येऊ नये. असं पिढ्यानपिढ्या केल्यामुळे त्या गावाखाली दारंच दारं आहेत. गाव का ओस पडलं ते तिला अजून सापडलं नव्हतं.

"सापडलं नाई म्हणजे? तूच लिहून राह्यली ना?"

"खणल्याबिगर कसं लिहू?" ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती थट्टा करत नव्हती.

"आणि हे मजूर? नसलेल्या मजुरांनी दांडी काऊन मारली?"

"नसले तरी मजूरच ना ते आई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोण कामावर येते?"

इथे मात्र मी हसले. पण मन खट्टू झालं. माणसाचं काम गेलं की डोकं जातं, हे मी पाहिलेलं आहे. माझ्या माहेरी एक कोतवाल होता. त्याचं काम सुटल्यावरही तो दवंडी देत फिरायचा. मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "लिहू दे ना माय. कोणासंग भांडत नाई, रडत नाई, लिहूनच राह्यली ना." बोलणं बरोबर होतं, पण माझ्या जिवाला ते पटलं नाही.

एक गोष्ट मला तेव्हाच दिसली होती. वहीत त्या गावाचा नकाशा होता आणि त्यातली डोंगरी आमचीच होती. दोन उंचवटे, मधली खाच, मावळतीला बोडी म्हणजे छोटा तलाव, बोडीच्या पाळीवर एकटं बेहड्याचं झाड. मी विचारलं तर म्हणाली, मोजमाप करायला डोळ्यासमोर काहीतरी लागतं, हवेत कसं मोजणार. दारांची जागा तिने बेहड्याच्या झाडाच्या वरच्या अंगाला, डोंगरीच्या उतारावर दाखवली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता एक सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझी सून पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याने न येता पायाने आली. सोयरीक झाली तेव्हाच तिच्या आईने सांगितलं होतं, पोट्टी पायाळू आहे, विजा कडाडताना बाहेर उभी करू नका. आमच्याकडे पायाळू माणसाला मान असतो. कोणाची कंबर धरली, पाठीत चमक भरली की तो पायाळूकडे जातो, पालथा पडतो आणि पायाळू त्याच्या पाठीला पाय लावतो. लग्न होऊन ती पहिल्यांदा राहायला आली तेव्हा रविवारी सकाळी आमच्या सपरीत रांग लागायची. एवढी शिकलेली पोरगी, लाजून अर्धी व्हायची. कोणी म्हातारा पालथा पडून ओरडायचा, "लाज नोको पोरी, हाण! सासऱ्याची पाठ समजून हाण!" तिने माझ्या कमरेलाही पाय लावला आहे. मला बरं वाटलं होतं. पायाने वाटलं की रात्रभर शेकलं त्याने वाटलं, हे मला ठाऊक नाही.

पायाळूबद्दल लोक आणखी एक गोष्ट मानतात. त्याला जमिनीखालचं दिसतं. पाणी दिसतं, आणि पुरलेलं धन दिसतं.

माझा दीर गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. तो वाईट माणूस नाही हे आधीच लिहून ठेवते. माझा नवरा गेला त्या वर्षी आमचं धान त्यानेच घरी आणलं. पण त्याला कुठल्याही गोष्टीचा नाद चटकन लागतो. एकदा कोंबड्या पाळल्या, एकदा मधमाश्या, एकदा कुठल्याशा झाडाची रोपं आणली, चंदनासारखं विकलं जातं म्हणे. धानाचे भारे उचलताना त्याच्या पाठीत चमक भरली आणि तो वाकलेलाच आमच्याकडे आला.

"सूनबाई, मरून राह्यलो. लाव पाय."

ती वही बाजूला ठेवून उठली. तो पालथा पडला. तिने पाय लावला. तो विव्हळला, थोडा वेळ पडून राहिला. त्याचं तोंड नेमकं वहीच्या बाजूला होतं. पडल्या पडल्या तो पानं उलटायला लागला.

"हे आपली डोंगरी होय ना?"

"नाई काकाजी, ते मनातलं आहे."

"आणि हे बेहड्याचं झाड?"

"तेही मनातलंच."

"पितळी दार," त्याने बोट ठेवून वाचलं. "उघडलं नाही." मग तो उठून बसला. पाठीचं दुखणं त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं. "पोरी, हे तुले कोनं सांगतलं?"

"कोणी नाई. मीच रचलं. गोष्ट होय ते."

दीर हळूच म्हणाला, "पायाळूच्या मनात गोष्ट कुठून येते वं? खालूनच येते ना?"

ती हसली. मीही हसले. तो हसला नाही. जाताना त्याने तिच्या पाया पडल्यासारखं केलं आणि मला ते बघून कसंतरी झालं. चुलत सासरा सुनेसमोर वाकत नाही.

त्यानंतर आमच्या घरी माणसं यायला लागली. कंबर कोणाचीच धरलेली नसायची. पालथे पडायचे, पाय लावून घ्यायचे आणि उठताना डोळे वहीकडे. जाऊबाई लुगडं घेऊन आली, सुनेसाठी. माझ्या हयातीत तिने मला ब्लाउजचा तुकडा दिला नाही. गावात गेलं की बायका बोलायच्या थांबायच्या. सून जे बोलेल ते उलटं लागत होतं. ती म्हणायची हे खोटं आहे, तर लोक एकमेकांकडे बघायचे, बघा, लपवते. ती म्हणायची असं गाव जगात नाही, तर म्हणायचे, आता नाही, पण होतं ना. ती चिडली तर म्हणायचे, देवाचं माणूस तापट असतंच. एकदा ती वैतागून म्हणाली, "काकाजी, पाणी उलटं वर चढते का कुठी?" दीर म्हणाला, "म्हणून तर ते साधं गाव नोहे."

मी म्हटलं, जाळून टाकते वह्या. चूल पेटलेलीच होती.

"जाळा," ती म्हणाली. "म्हणतील म्हातारीनं नकाशा जाळला, आता पोट्टीलेच विचारा."

मी वही परत जागेवर ठेवली. तिने मात्र लिहिणं बंद केलं. पेटी खाटेखाली सारली. दिवसभर नुसती तांदूळ निवडत बसायची. निवडलेले परत निवडायची. ती लिहीत होती तेव्हा मला काळजी होती. ती लिहायची थांबली तेव्हा ती काळजी किती साधी होती हे कळलं.

मग एके दिवशी दुपारी दीर एका बाहेरच्या माणसाला घेऊन आला. पांढरी गाडी, गळ्यात माळा, बोटात अंगठ्या. त्याला सगळे महाराज म्हणत होते. त्याने वही मागितली नाही. सुनेला समोर बसवलं आणि तिच्या पायांकडे बघत राहिला. चेहऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. बाजारात जनावर पाहतात तसं. तळवे दाखव म्हणाला. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मी म्हटलं, "महाराज, चहा घ्या आणि निघा. तिचे पाय पाहाले ती काही गाय नोहे." दीर खजील झाला. तो माणूस खजील झाला नाही. हसला आणि म्हणाला, "अमावस्येले येतो, आजीबाई."

मी जावेला गाठलं. ती खळ्यात शेण सारवत होती. तिच्या पोटात काही राहत नाही हे मला ठाऊक. मीही हाताला शेण लावून शेजारी बसले.

"काय करून राह्यले वं तुमचे मालक अमावस्येले?"

"काही नाई बाई. पूजा आहे डोंगरीवर."

"कोणाची पूजा?"

ती हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या सुनेले पुढं चालवाचं आहे. अनवाणी, केस मोकळे सोडून. जिथी तिचा पाय जड होते तिथी दार."

"आणि मग?"

"मग कोंबडं. काळं."

"कोंबड्यानं दार उघडते?"

मी तिचा हात धरला. दोघींचे हात शेणाचे.

"थोडं रक्त लागते म्हणते महाराज," ती म्हणाली. "तिचं. पायाचं."

"थोडं म्हणजे?"

"थोडंच बाई. अंगठ्याचं."

"थोडंच लागेल असं कोनं सांगतलं तुले?"

जाऊ माझ्याकडे बघायला लागली. कोणीच सांगितलं नव्हतं. थोडंच हे तिने स्वतःच्या समाधानासाठी लावलेलं होतं. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला रडायला वेळ नव्हता.

दिराकडे गेले. तो पुंजण्याजवळ होता. मी सरळ म्हटलं, माझ्या सुनेला हात लावशील तर बघ. तो म्हणाला, "वयनी, कोणाचं वाईट कराचं आहे का? घरचंच तर आहे. निघालं तर तुह्याच नातवंडाचं होईल."

"काय निघालं तर? तिनं बसून रचलं ते!"

"मंग बेहड्याचं झाड कसं काय बरोबर आलं?"

"अंगणातून दिसते म्हणून आलं! तुले नाई दिसत काय?"

"मले वरचं दिसते," तो म्हणाला. "तिले खालचं."

त्याच्याशी पुढे बोलणं म्हणजे गारगोटीतून तेल काढणं. घरी येऊन मी सुनेला सगळं सांगितलं. रक्ताचंही सांगितलं. काही लोक अशा वेळी पोरींना सांगत नाहीत, घाबरेल म्हणतात. मी म्हटलं, घाबरायचंच आहे, नीट घाबर. तिने खाटेखालची पेटी ओढून वही बाहेर काढली. मग म्हणाली, या विरोधात कायदा आहे आई. ठाण्यात जाऊ.

घरच्या माणसाची तक्रार ठाण्यात देणं आमच्याकडे सोपं नाही. पुढे कोणाच्या लग्नात कोणी बोलावत नाही. मयतीला खांदा मिळतो की नाही तेही सांगता येत नाही. मी गेले. सून, मी आणि ती वही, बसने तालुक्याला. ठाण्यात एक शिपाई बाई होती, तरुण, चांगली. तिने सगळं लिहून घेतलं. पुरावा म्हणून वही चाळायला लागली आणि चाळता चाळता वाचायलाच लागली. मग सुनेला विचारलं, "मग उघडलं का ते दार?"

"मॅडम, दारच नाही," सून म्हणाली.

"ते झालं. पण वहीत तरी?"

सुनेने मान खाली घातली. मला त्या बाईचा राग आला नाही. फक्त एवढं कळलं की वही वाचणारा कोणीही असो, त्याला ते दार उघडायचंच आहे.

पोलिसांनी आपलं काम केलं. दिराला बोलावलं, समज दिली, लिहून घेतलं. तो पांढऱ्या गाडीचा माणूस पुन्हा आमच्या बाजूला दिसला नाही. दिराने मला रस्त्यात ओळख दाखवणं बंद केलं. जाऊ विहिरीवर आली की मी आल्याचं बघून तशीच परत जायची. अमावस्येच्या आधी मुलगा मोटरसायकल घेऊन आला. दोन ड्रायव्हरांना त्याने दुसरी खोली बघून दिली होती. सून पेटी घेऊन गेली. तिला जायचं नव्हतं. म्हणाली, "कोळशाच्या धुळीत खिडकीही उघडता येत नाई आई तिथी." मी म्हटलं, "तर नोको उघडू. जा."

मला वाटलं, ती गेली म्हणजे विषय गेला.

पौषात दिराने आणि गावातल्या माणसांनी तिच्याशिवाय खणलं. नकाशा त्यांच्याकडे होताच. दिराने पालथ्या पडल्या पडल्या मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो काढला होता, हे मला नंतर कळलं. डोंगरीवर वाघाचा वावर होता, जंगलखात्याने सरपणालासुद्धा जाऊ नका म्हणून सांगितलेलं होतं. एरवी कोणी बकरी चारायला तिकडे जात नव्हतं. आता डफ वाजवत, कुदळी घेऊन, दिवसाढवळ्या दहा-पंधरा माणसं जायला लागली. बेहड्याच्या वरच्या अंगाला खड्डा केला. आणि खड्ड्यात विटा निघाल्या.

जुन्या, रुंद, जड विटा. एकीवर बोटांच्या रेघा उमटलेल्या.

आमच्या भागात अशी वीट निघणं म्हणजे काही नवल नाही. बोडीची पाळ खणा, वीट निघते. शाळेचा पाया खणला तेव्हाही निघाल्या होत्या, लोकांनी चुलीला लावल्या. पण या वेळी वीट निघाली ती नकाशात दाखवलेल्या जागी. दिराने तिला हळदकुंकू लावलं, हार घातला, फोटो काढला. तो फोटो फिरत फिरत माजरीला गेला.

सुनेचा फोन आला. मी आधीच म्हटलं, "लोक पागल झाले. वीट तर कुठंबी निघते."

"हो आई. कुठंबी निघते." पण आवाज निराळा होता. "बोटाचे ठसे होते ना? एकावर एक रचलेल्या होत्या का नुसत्या पडलेल्या? खाली काय होतं? राख होती?"

"मी गेली नाई पाहाले."

"कुदळीनं खणून राह्यले?"

"नाई तर काय पावडर लावून खणतील?"

मग म्हणाली, "एकदा येऊन पाहून जातो."

मी नको म्हटलं. दोनदा नको म्हटलं. मुलगा म्हणाला, माय, ती जेवत नाही, दिवसा येऊ, मी सोबत आहे, पोलिसांत लिहिलेलं आहे, कोण काय करते. आणि ते खरंही होतं. तिला कोणी काही केलं नाही.

ते आले त्या दिवशी थंडी होती, ऊन स्वच्छ होतं. आम्ही तिघं डोंगरीकडे निघालो. कोणी सांगितलं माहीत नाही, पण आम्ही पोचायच्या आत अर्धं गाव तिथे उभं होतं. बायका नारळ घेऊन. दीर पुढे, मला न बघता. खड्ड्याच्या काठाला एक काळं कोंबडं पायाला दोरी बांधून ठेवलेलं होतं. मुलाने ते बघितलं आणि तो तिच्या आणखी जवळ सरकला. लोकांनी वाट करून दिली. दोघी-तिघींनी वाकून तिच्या पायाला हात लावला.

तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि आत उतरली. मी तिला कामावर असताना कधी पाहिलं नव्हतं. तिचा चेहरा दुसऱ्याच बाईचा वाटत होता. फुटलेल्या विटांचे तुकडे तिने उचलले, फुंकले, परत ठेवले. खड्ड्याच्या भिंतीत एका ठिकाणी माती काळसर होती. तिने तिथे तळवा टेकवला आणि वाकून जवळून बघायला लागली.

दिराने वरून हात लांब केला आणि तिच्या तळव्याच्या जागी काडी रोवली.

तिने वर बघितलं. तिला आधी कळलं नाही. ती उठली, बेहड्याकडे बघितलं, बहुतेक अंतर बघत असेल. दोन माणसं कुदळ घेऊन बेहड्याकडे निघाली. ती वळून बोडीच्या पाळीकडे बघायला लागली तर बायकांमध्ये कुजबुज झाली, "पाळीत पण आहे! पाळीत पण आहे!"

मग तिला कळलं, आणि मलाही. ती जिथे बघेल तिथे हे खणणार होते. तिच्या नोकरीत तिला जे कधी सापडलं नव्हतं ते कदाचित तिच्या पायाखाली होतं, आणि तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी ते फुटणार होतं.

तिने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मले घरी न्या."

मुलाने हात देऊन तिला वर काढलं आणि हाताला धरून चालवायला लागला. लोक मागोमाग. कोणीतरी म्हणालं, "डोळे मिटून चालून राह्यली, जिथी थांबेल तिथी पाहा!" ते तिने ऐकलं. उतार, मुरूम, बोराटीचे काटे, आणि तिला थांबायची सोय नव्हती. ती भरभर चालत होती, मुलगा तिला जवळजवळ उचलत होता. मी मागून लोकांना शिव्या देत होते. मला येतात तेवढ्या सगळ्या दिल्या. एकानेही वाईट वाटून घेतलं नाही. म्हातारीला राग आलाय म्हणजे जागा जवळ आहे, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

ती मोटरसायकलवर बसली, मुलाच्या पाठीत तोंड खुपसलं. माझा निरोप घ्यायलाही मान वर केली नाही. मी वर कर म्हटलंही नाही. गाडी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत दीर टाचा उंचावून बघत उभा होता, तिचं तोंड कोणत्या बाजूला आहे ते.

तिला परत येऊ नको असं मी फोनवर सांगितलं. ती येणार नाही म्हणाली. पुन्हा लिहिते का, हे मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

त्या दिवशी उतारावरून येताना, आमच्या धानाच्या बांधीच्या तोंडाशी, ती एकदा ठेचाळली होती. गुडघ्यावर येऊन लगेच उठली होती, क्षणभरच. दुसऱ्या दिवशी मी शेताकडे गेले तर तिथे कमरेएवढा खड्डा होता. गाडीवाटेच्या बरोबर मधोमध. आत पाणी आलं होतं. मी दोन दिवस घमेल्याने माती टाकून पाहिली, मग सोडून दिलं. आता बैलबंडी शेतात न्यायची तर वरच्या अंगाने फिरून न्यावी लागते.